राखीची पाठ

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची नाशिकला! कळवणहून सकाळची एसटी पकडली. मांडीवर बॅग, पायाशी बुटांची पिशवी, आणि शेजारच्या बाईंनी वणीपासून माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोप काढली. तरी आज कशाचाच राग आला नाही. खोली जेलरोडला मिळालीय. लहान आहे, पण न्हाणीला खिडकी आहे आणि भिंतींना ओल नाही. आल्या आल्या फिनेल टाकून फरशी दोनदा पुसली. घरमालकीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या, अहो, कालच पुसलीय. पुसली असेल. आई म्हणतेच, देव भेटला तरी पल्लवी आधी त्याला पाय धुवून यायला सांगेल.

जिम चालत जाण्याइतकी जवळ, एका हार्डवेअरच्या दुकानावर. मालक मल्हारी अण्णा. तरुणपणी कुस्ती खेळलेले, आता टेबलामागून फारसे उठत नाहीत, पण माणूस दिलदार. मला वेटलिफ्टिंगची कोच म्हणून ठेवलंय, बायकांची पोटं कमी करायला नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मग मिसळ मागवली. इतकी झणझणीत की डोळ्यांतून, नाकातून पाणी. अण्णा म्हणाले, चला, आता तुम्ही नाशिकच्या झाल्या.

हॉल लांबट, अरुंद, आणि तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत आरसे. मालेगावचं एक मोठं साडीचं दुकान बंद पडलं, तिथून आणलेत म्हणे. साडीच्या दुकानातला आरसा साधा नसतो, असं अण्णांनी समजावलं. तो जरासा कलता लावतात, उजेड बेतानं पाडतात. बाई त्यात उंच आणि सडपातळ दिसली पाहिजे, तरच साडी खपते. ह्या आरशांत आजवर एक गिऱ्हाईक वाईट दिसलेलं नाही, म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, साडी नेसायला ठीक आहे, वजन उचलायला आरसा कशाला? ते हसले. निघताना मीही हळूच एकदा वळून बघितलं. दिसत होते बाई छान.

४ नोव्हेंबर

पहिल्याच दिवशी वाद घातला. घालणारच होते.

आरशानं पवित्रा सुधारतो हे अर्धसत्य आहे. नवख्याला गुडघे आत पडतायत का ते समोर दिसतं, तेवढं खरं. पण लिफ्टिंगमधली खरी चूक बाजूनं दिसते. बार पायापासून किती लांब गेला, कंबर कधी गोल झाली, हे समोरच्या आरशात कसं दिसणार? मग पोरं मान वळवून कडेच्या आरशात बघतात, आणि ओझ्याखाली मान वळली की मणका गेलाच. शिवाय डोळ्यांना सवय लागली की अंगाला कळणं बंद होतं. स्पर्धेत समोर आरसा नसतो, पंच असतात. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मी ठणकावून सांगितलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि इथली रीत सांगितली. लिफ्ट चालू असताना कोणी कोणाकडे थेट बघायचं नाही. बघायचं तर आरशात. कमावलेल्या अंगाला नजर लागते, आरशातून बघितलं की लागत नाही. मी म्हटलं, माझं कामच बघायचं आहे. तर म्हणाले, बघा की, समोर आरसे काय कमी आहेत?

७ नोव्हेंबर

शी! शी! शी!

इथे सनी नावाचा एक आडदांड पोरगा आहे, देवळाली कॅम्पहून बुलेटवर येतो. आज डेडलिफ्ट करताना त्याच्या तळहाताचा घट्टा सुटला. होतं असं. मी कात्री द्यायला गेले, तर पठ्ठ्यानं दातांनी कातडी ओढून काढली आणि आरशाला चिकटवली. वर अंगठ्यानं दाबली. मी ओरडलेच. तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मीच घाण केली. म्हणाला, मॅडम, सगळेच लावतात, पहिला मान आरशाचा.

मग नीट बघितलं. खरंच सगळेच लावतात. बायकासुद्धा. घामाचा हात आरशावर फिरवतात, सुटलेला घट्टा चिकटवतात आणि पुन्हा बारकडे वळतात. मला घास गिळवेना रात्री. साबणानं हात धुऊन धुऊन बोटं पांढरी पडली.

८ नोव्हेंबर

सकाळी आरशांवर एक डाग नाही. काल चिकटवलेलं काहीच नाही. झाडलोट करणाऱ्या कुसाबाईंना म्हटलं, मावशी, आरसे छान पुसता हो. त्या म्हणाल्या, मी नाय बाई हात लावत त्याला, अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. मग अण्णाच पुसत असतील. पुसू देत बापडे.

११ नोव्हेंबर

आज मला माझी पोरगी मिळाली. राखी, बारावीला आहे, जवळच्याच कॉलनीतली. पहिल्याच स्नॅचला, बार एका झटक्यात जमिनीवरून डोक्यावर नेताना, तिची पाठ अशी ताठ राहिली की मी टाळी वाजवली. शिकवून येत नाही हे. डिसेंबरच्या शेवटी राज्य स्पर्धेची निवड चाचणी आहे. हिला तिथे उभी केलीच पाहिजे.

तिची आई लताकाकू सोबत आल्या होत्या. मेसमध्ये पोळ्या लाटतात. जिना चढताना दोनदा थांबल्या. कंबर पार गेलीय बिचारीची, ओणव्यानं उभं राहून राहून. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मॅडम, मेडल मिळो न मिळो, पण माझ्या लेकीची पाठ सांभाळा. माझी गेली ती गेली. तुम्ही नुसतं लक्ष ठेवा तिच्यावर. मी त्यांचा हात धरून शब्द दिला. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

१९ नोव्हेंबर

राखी झपाट्यानं चढतेय. प्रत्येक आठवड्याला वजन वाढवतेय आणि पवित्रा बिघडत नाही.

हॉल अरुंद असल्यानं बाजूला उभं राहायला जागाच नाही, रॅकवर पाठ घासते. शिवाय मी थेट बघायला लागले की बाकीचे अवघडतात, सनी तर बार खाली ठेवून देतो. शेवटी मी राखीच्या मागे स्टुलावर बसते आणि आरशात बघून सूचना देते. सोपं जातं. तिकडे सगळं कसं स्वच्छ दिसतं. मीही पुन्हा उचलायला लागलेय, माझा जुना गुडघा कुरकुरत नाही. आरशात माझा स्क्वॉट बघून मलाच माझं कौतुक वाटलं. अण्णांनी टेबलावरून विचारलं, काय मॅडम, आरसा वाईट का? मी जीभ चावली.

२५ नोव्हेंबर

आईचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, मान वाकडी का धरलीस, फोन सरळ धर. मी सरळच धरला होता. तिचं नेटवर्क कायम गचाळ.

हॉलमध्ये वास यायला लागलाय. घामाचा नाही, घामाचा मला कळतो. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या चामड्याच्या चपलेचा येतो तसा. कुसाबाईंना फिनेल दुप्पट टाकायला लावलं. उपयोग शून्य.

२८ नोव्हेंबर

राखीच्या पाठीला पट्टी लावायची होती. टी-शर्ट वर केला आणि तोच वास नाकात घुसला. खांद्याच्या फऱ्याखाली कातडी ओलसर, पिवळट, जाड. घट्ट्यासारखी, पण पाठीवर घट्टा कुठून येणार? बोटानं दाबून बघितलं. बोट आत गेलं. पिकून खाली पडलेल्या पेरूत जातं तसं. राखीला काही कळलंच नाही, ती समोर आरशात बघून केस बांधत होती. विचारलं, दुखतं का गं? म्हणाली, नाही मॅडम, मस्त वाटतंय.

कडेच्या आरशात बघितलं तर पाठ लख्ख. मला भास झाला असेल.

पण बोटाला वास आहे. चार वेळा धुतलं, डेटॉल ओतलं. अजून आहे.

२ डिसेंबर

आज जे बघितलं ते लिहायलाही हात धजत नाही, तरी लिहिते.

चाचणी जवळ आली म्हणून मी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून राखीचा स्नॅच बाजूनं शूट केला. पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं हे! घरी येऊन लावला. व्हिडिओत आरसा आहे आणि राखीही आहे. आरशातली राखी सरळ, बार डोक्यावर, चेहरा शांत. आणि आरशासमोरची राखी — तिची पाठ मधून मोडून बाजूला आलीय. एक फरा कातडीखालून इतका बाहेर आलाय की टी-शर्टला तंबू झालाय. मान आरशाकडे वळलेली, माणसाची वळू नये इतकी. कमरेवर मांसाची वळी पडलीय आणि ती बारच्या झोकाबरोबर हलते. आणि तोंडावर हसू. तोच शांत चेहरा.

मी मोरीत जाऊन ओकले.

३ डिसेंबर

राखीला व्हिडिओ दाखवला. तिनं एकदा बघितला, मग आरशात बघितलं आणि मला म्हणाली की मोबाईल खराब आहे. मी चढ्या आवाजात बोलले. तर सनी मागून हसत म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. अण्णा म्हणाले, मॅडम, आरसा इतक्या लोकांना खोटं दाखवेल का?

गेले कित्येक दिवस हॉलमध्ये मीही सगळ्यांकडे आरशातच बघत होते. आज रीत मोडली. सनीकडे थेट बघितलं. नंतर अण्णांकडे.

अण्णा टेबलामागून का उठत नाहीत ते कळलं. कमरेखाली ते सगळे एका बाजूला वाहून गेल्यासारखे झालेत. टेबलाच्या कडेला टेकलेत म्हणून बसलेले दिसतात.

५ डिसेंबर

लताकाकूंकडे गेले. डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की पोरीला जिमला पाठवू नका, दवाखान्यात न्या. त्या म्हणाल्या, आठ दिवसांपासून घरात कपडे बदलताना दार लावून घेते, अंगाला हात लावू देत नाही, वास मारतो म्हटलं तर चिडते. पण मॅडम, तुम्ही रोज बघता ना तिला? तुमचं लक्ष आहे ना?

काय सांगू? माझं काम बाजूला उभं राहून बघायचं. मी समोर बघत बसले. सगळ्यांना अक्कल शिकवून मीच —

७ डिसेंबर, रविवार

जिम बंद असते. कुसाबाईंकडून किल्ली घेतली. भर दुपारी गेले, उन्हात. मनाशी ठरवूनच गेले, पाच किलोची प्लेट घेतली आणि मधल्या आरशावर हाणली.

फुटला नाही. दबला.

काचेला खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. पुन्हा हाणली तशी कड सुटली. मी नखानं धरून ओढली. सालीसारखी निघाली. आत पिवळे थर, थरावर थर, माणसांच्या तळहातांचे, रेषा दिसत होत्या त्यांवर. मधे केस. ओलं. गरम. माझ्या बोटाखाली उडत होतं, नाडीसारखं —

तिथेच ओकले. आरशात बघितलं तर ओकारी नाही. मी उभी. छान दिसत होते. रडतही नव्हते.

८ डिसेंबर

आरसा अखंड. कुसाबाईंना ओकारी पुसावीच लागली नाही म्हणे. हॉल स्वच्छ होता.

नोकरी सोडते म्हटलं. अण्णा म्हणाले, खुशाल जा. पण मॅडम, राखीला कोण बघणार?

१० डिसेंबर

राखीला दवाखान्यात नेलं. काकू आणि मी. रिक्षात ती माझ्या अंगावर कलली आणि मी अंग चोरलं. माझी पोरगी ती. आणि मला तिची किळस येते. हाक मारायला गेले तरी आधी नाकावर रुमाल जातो. लाज वाटते लिहायला.

डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरून दोनदा बघितला. मग म्हणाले, ही चालतेय कशी? एक किलोसुद्धा उचलायचं नाही. पाठीला पट्टा बांधून झोपवून ठेवा, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आज वाचेल. अजून एकदा ओझं घेतलं तर नाही वाचणार. ते असं तोंडावर म्हणाले.

मग माझ्याकडे बघितलं. आणि विचारलं, तुम्ही कधी दाखवलंत का स्वतःला? नर्सनं मान फिरवली, तोंडाला पदर —

११ डिसेंबर

माझ्या खोलीत आरसा नाही. आंघोळीला मागे हात नेला. पाठीवर एक जागा — मऊ —

नको. हात धुतला. धुतला. धुतला.

आता दुखायला लागलंय. जिममध्ये कधीच दुखलं नाही.

१३ डिसेंबर

राखी रडते. पट्ट्यात झोपून नुसती रडते, दुखतं म्हणते, आरशासमोर दुखत नव्हतं म्हणते. काकू रात्रभर उशाशी. मेस बुडाली. मी जाते, दारात उभी राहते, आत जाववत नाही. तो वास. काकू त्याच हातांनी तिला पुसतात, भरवतात. मला नाही जमत. मला —

१५ डिसेंबर

काकूंचा फोन. डोळा लागला तेवढ्यात पोरगी उठून गेली. पट्टा कापून.

कुठे गेली ते दोघींनाही ठाऊक —

दुपार. जिममध्ये

वही पिशवीत होती. लिहितेय, कारण लिहिलं की मान खाली राहते. ना तिच्याकडे बघावं लागत, ना समोर.

काकू खाली जिन्यात बसल्यात, त्यांना चढवत नाही. म्हणाल्या, मॅडम, तुम्ही वर जा, तिला धरून खाली आणा. एवढंच. धरून आणायचं.

राखी प्लॅटफॉर्मवर आहे. बार लावलेला आहे. अजून उचललेला नाही. मी म्हटलं, चल. ती म्हणते, आधी बघून सांगा.

तिला धरायचं तर पाठीमागून हात घालावा लागेल. त्या पाठीत. टी-शर्ट चिकटलाय, खालून काहीतरी ठिबकतंय फरशीवर, आवाज येतो —

एकदा बघितलं थेट. देवा. तोंड तेवढं तिचं आहे —

माझ्या हातात आहे सगळं. चार पावलं. उठायचं, डोळे मिटायचे, धरायचं. लेकरू आहे ते. उठ पल्लवी, उठ गं बाई —

उठवत नाही. ओकारी येते. पाठीत कळ —

ती विचारते, मॅडम, पाठ सरळ आहे ना माझी. परत विचारते. थेट नाही बघवत. नाही बघवत मला —

समोर बघितलं.

सरळ आहे.

किती सरळ. गोरीमोरी झालेली नाही, रडलेली नाही. आणि मी मागे स्टुलावर, ताठ. कळ गेली. वासही गेला. काय सुंदर दिसतोय आम्ही दोघी —

खालून काकू ओरडून विचारतायत, मॅडम, पाठ कशी आहे तिची? बघताय ना?

मी वरून सांगितलं, बघतेय काकू, सरळ आहे, अगदी सरळ, काळजी करू नका.

राखी हसली. म्हणते, मग थोडं अजून चढवा ना. म्हटलं, थांब, तू वाकू नकोस, मी चढवते, तू फक्त समोर बघ आणि —